कलंकाचे गुण किती? सुपरहिरोंच्या खेळाची नियमावली आणि आपण

कोणत्याही समाजाची मूल्यव्यवस्था तपासायची तर त्याचे धर्मग्रंथ वाचावे लागतात, कायदे वाचावे लागतात. तसेच त्याचे खेळही वाचावे लागतात. खेळ निरुपद्रवी समजले जातात, त्यामुळे खेळाच्या नियमांत समाज स्वतःविषयी जे बोलतो ते तो फारसे झाकत नाही. आपल्याकडच्या मोक्षपटात शिडी म्हणजे पुण्य आणि साप म्हणजे पाप. खेळता खेळता पोराच्या मनात पाप-पुण्याचा हिशोब मुरावा, अशीच ती योजना होती. तो हिशोब कोणी लिहिला आणि शेवटच्या घरात प्रवेश कोणाला होता, हे विचारायची सोय त्या पटावर नव्हती.

अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत एक वेगळ्या धाटणीचा खेळ वाढला. तिकडे त्याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. आपण भूमिका-खेळ म्हणू. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घडवतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू 'मी असे करतो' म्हणतो, आणि ते साधले की फसले हे फासे ठरवतात. या साऱ्याला आधार असतो तो एका नियमावलीचा. तिचे दोन भाग महत्त्वाचे: पात्र कसे घडवावे याचे नियम, आणि ते पात्र ज्या जगात वावरते त्या जगाची मांडणी. म्हणजे माणूस कशाचा बनतो आणि जग कसे चालते, या दोन प्रश्नांची उत्तरे ही पुस्तके बिनदिक्कत आकड्यांत देतात. मनूने दुसरे काय केले होते? अशा पुस्तकांकडे पोरखेळ म्हणून पाहणे प्रस्थापित समीक्षेला परवडते. ज्यांची आयुष्ये पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याने लिहिलेल्या नियमावलीवर बेतली गेली, त्यांना ते परवडणारे नाही. येथे विचार करायचा आहे तो या खेळाच्या एका शाखेचा, सुपरहिरोंच्या भूमिका-खेळाचा.

ही शाखा कशापासून फुटली ते आधी पाहू. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याच्या १९७८ च्या नियमावलीत पात्राचा वंश ठरवावा लागे: मानव, ड्वॉर्फ, एल्फ, अर्धा ऑर्क वगैरे. वंश ठरला की कोणता पेशा करता येईल ते ठरले, आणि त्या पेशात किती पायऱ्या चढता येतील तेही ठरले. ड्वॉर्फला जादूगार होता येत नसे. 'पॅलाडिन' नावाचा धर्मयोद्धा फक्त मानवच होऊ शके. मानवाला वंशामुळे कोठे अटकाव नव्हता. इतरांच्या डोक्यावर बहुतेक पेशांत छत घातलेले होते. स्त्री-पात्राच्या बळाला पुरुषापेक्षा खालची मर्यादा होती. जन्माने पेशा, जन्माने पायरी, आणि स्त्रीला वेगळे माप! हे वाचताना आपल्याला काही नवे वाचतो आहोत असे वाटत नाही. विस्कॉन्सिनमधल्या त्या मंडळींनी मनुस्मृती वाचली असण्याचे कारण नाही. विषमतेची कल्पनाशक्ती सगळीकडे एकाच वळणाने जाते, एवढेच. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ही छते निघाली, आणि २०२४ मध्ये 'वंश' हा शब्द जाऊन तेथे 'प्रजाती' हा शब्द आला. एक शब्द खोडायला पन्नास वर्षे लागली.

सुपरहिरोंना हा साचा बसणारा नव्हता. सुपरहिरो हे मुळात दुबळ्यांचे स्वप्न आहे. १९३८ साली सुपरमॅन छापून आला तो जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुण ज्यूंच्या हातून. दोघेही स्थलांतरितांची मुले. त्यांचा पहिला सुपरमॅन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला झोडपतो, निरपराध बाईला फाशीपासून वाचवतो, भ्रष्ट सिनेटरच्या मागे लागतो. हे दोघे त्या नायकाचे सर्व हक्क १३० डॉलरला विकून बसले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुबळ्यांचे स्वप्न बाजारात कोणत्या भावाने जाते याचा तो नमुना.

या स्वप्नाचा खेळ करताना नियम लिहिणाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला: बळ कोणाला किती द्यायचे? जेफ डी आणि जॅक हर्मन यांच्या १९७९ च्या 'व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज'ने उत्तर दिले की खेळाडूने स्वतःचेच पात्र करावे. अंगची ताकद, बुद्धी, छाप पाडण्याची शक्ती, जशी आहे तशी कागदावर मांडावी आणि वर अद्भुत शक्ती फाशांनी घ्याव्यात. वरवर हे प्रामाणिक वाटते. पण खेळाडूच्या बुद्धीला आकडा कोण देणार? सूत्रधार! समोर बसलेल्या पोराकडे बघून दुसऱ्याने ठरवायचे की याची अक्कल किती. शाळेच्या मागच्या बाकावर बसवले गेलेल्यांना हा सूत्रधार चांगला ठाऊक आहे. त्याने टाकलेला आकडा पुढे दहा-दहा वर्षे पुसला जात नाही.

१९८१ मध्ये जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांच्या 'चॅम्पियन्स'ने वेगळी वाट काढली, आणि माझ्या मते या साऱ्या वाङ्मयातला खरा विचार येथे आहे. वंश नाही, फासे नाहीत, कोणी आकडा टाकणारा नाही. प्रत्येक खेळाडूला सारखेच १०० गुण. त्या गुणांनी जे हवे ते विकत घ्यावे. साधारण माणसाचे बळ १० धरलेले आहे. त्यावर बळाचा एक अंक एका गुणाला, चपळाईचा एक अंक तीन गुणांना, देखणेपणाचा अंक अर्ध्या गुणाला. उडता येणे, भिंतीतून पाहता येणे, सगळ्याची किंमत ठरलेली आणि सर्वांना एकच. तुझा बाप कोण, हे नियमावली विचारत नाही. 'तुला कोण व्हायचे आहे?' एवढेच विचारते. हा प्रश्न आपल्या समाजाने आपल्याला कधी विचारला होता काय? गावाने नाव ठेवण्याआधी काम ठेवले. म्हणून या नियमाचे मोल मी कमी लेखत नाही. आरंभरेषेवर सर्वांची बेरीज सारखी असणे ही लोकशाहीची मूळ कल्पना आहे, आणि ती येथे एका खेळाने निःसंकोच स्वीकारली आहे.

पण शंभर गुणांत सुपरहिरो पुरा होत नाही. आणखी गुण हवे असतील तर पात्राने आपल्याकडे काही उणिवा घ्याव्या लागतात. कोणी शत्रू त्याच्या मागावर आहे. त्याचे खरे नाव गुप्त ठेवावे लागते. त्याच्यावर अवलंबून असलेले दुबळे नातेवाईक आहेत. त्याच्या मनात एखादे भय आहे. प्रत्येक उणिवेचे ठरावीक गुण मिळतात आणि त्या गुणांनी शक्ती घेता येते. या नियमामागे एक न्याय आहे: जगाने ज्याच्या वाटेत अडथळे घातले, त्याच्या पदरात तितके माप अधिक टाकले पाहिजे. खेळाडूंमध्ये याबद्दल तक्रार नसते. 'याला उणिवांमुळे जास्त गुण मिळाले, खरी गुणवत्ता माझी' असे टेबलावर कोणी ओरडत नाही. नियम सर्वांना कळतो, कारण तो कागदावर लिहिलेला आहे.

आपल्या भाषेत 'गुण' हा शब्द परीक्षेतल्या आकड्यालाही आहे आणि माणसाच्या अंगच्या चांगुलपणालाही. या एका शब्दाच्या दोन अर्थांत राखीव जागांवरचे सगळे रण माजले आहे. घटनेने हजारो वर्षांच्या अडथळ्यांपोटी थोडे माप दिले, तेव्हा आकड्यातला गुण हाच अंगचा गुण असे सांगत 'गुणवत्ता' रस्त्यावर उतरली. अमेरिकेतल्या पोरांच्या खेळाला जे पहिल्या बैठकीत पटते, ते आपल्याकडच्या सुशिक्षितांना पटत नाही, याचा अर्थ काय? त्यांना गणित येत नाही असे नव्हे. आरंभरेषेवर सर्वांची बेरीज सारखी असावी, हेच त्यांना मान्य नाही.

येथपर्यंत या नियमावलीची बाजू मांडली. आता तिच्याशी भांडण.

'चॅम्पियन्स'मध्ये गुप्त ओळखीला १५ गुण मिळतात. बळाचे पाच अंक वाढले की उचलण्याची ताकद दुप्पट होते. म्हणजे १५ गुणांत ती आठपट होते. शंभर किलो उचलणारा आठशे किलो उचलू लागतो, तो केवळ आपले नाव लपवल्याबद्दल. आता बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आठवा. १९६३ च्या संग्रहातली ही कथा आपल्या साहित्याचा एक मैलाचा दगड आहे. नोकरीच्या गावी जात लपवून राहणारा तो तरुण, आणि जात उघडी पडल्यावर त्याच्या वाट्याला आलेला मार. त्यालाही गुप्त ओळख होती. तिचे त्याला किती गुण मिळाले? सुपरहिरो लपवतो ते आपले बळ. चष्मा काढला की त्याचे देवपण प्रकट होते. आपला माणूस लपवतो तो दुसऱ्यांनी चिकटवलेला कलंक. तो उघडा पडला की त्याचे माणूसपणही काढून घेतले जाते. शहरात भाड्याची खोली मागताना आडनाव गिळणाऱ्याला आठपट बळ येत नाही. आहे तेच बळ आडनाव गिळण्यात खर्च होते.

हे गणित आणखी उघडे पडते ते स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'गर्प्स' या खेळात. तो १९८६ मध्ये आला. त्याची सुपरहिरोंसाठीची नियमावली १९८९ ची. त्यात 'सामाजिक कलंक' या नावाचीच उणीव आहे. २००४ च्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे दुय्यम नागरिक असण्याचे पाच गुण, हीन मानल्या गेलेल्या अल्पसंख्य समूहात जन्मण्याचे दहा. शिवाय दुसऱ्या समाजातला माणूस भेटला की त्याच्या वागणुकीच्या फाशातून दोन वजा, आपला माणूस भेटला की दोन अधिक. लेखकाचे निरीक्षण खोटे नाही. परका तुटकपणे वागतो आणि आपला जवळ घेतो, हे आम्ही जन्मभर पाहिले आहे. निदान येथे कलंक आहे एवढे तरी मान्य केलेले आहे. जात आता कोठे राहिली, असे हे पुस्तक म्हणत नाही. पण कलंकाला किंमत लावली की तो सौदा होतो. सौद्यात घेणाऱ्याला निवड असते. खेळाडू रविवारी दुपारी दहा गुणांचा कलंक अंगावर घेतो, त्यातून उडण्याची शक्ती विकत घेतो आणि संध्याकाळी पात्राचा कागद घडी करून घरी जातो. कलंकाचा सर्वांत भयंकर भाग, तो निवडलेला नसतो आणि उतरवता येत नाही हा, नियमाच्या बाहेरच राहतो.

'चॅम्पियन्स'च्या कर्त्यांना याची थोडी जाणीव असावी. जी उणीव प्रत्यक्षात अडवत नाही तिचे गुण मिळणार नाहीत, असा त्यांचा दंडक आहे. सूत्रधाराने ती उणीव वेळोवेळी टोचवली पाहिजे. हा दंडक चांगला आहे, कारण दुःखाचा दागिना करायला तो मनाई करतो. दुर्दैवाने तो पाळणे सूत्रधाराच्या समजुतीवर सोपवलेले आहे, आणि ज्याला कधी टोचले नाही तो सूत्रधार टोचवणार तरी कसे?

१९८४ मध्ये जेफ ग्रब यांनी लिहिलेला 'मार्व्हल सुपर हीरोज' हा खेळ आला. त्याच्या १९८६ च्या विस्तारित आवृत्तीत नायकाचे मूळ फाशाने ठरवता येते. त्या मुळांपैकी एक 'म्युटंट', म्हणजे जन्मतःच शक्ती घेऊन आलेला. १९६३ पासून 'एक्स-मेन' चित्रकथांत हे म्युटंट द्वेषाचे धनी आहेत, आणि वर्णद्वेषाचे रूपक म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. खेळात त्यांना एक जादा शक्ती मिळते आणि लोकप्रियता शून्यापासून सुरू होते. जन्मताच लोकांच्या नजरेत शून्य! हा नियम वाचून क्षणभर थांबावेसे वाटते. तरीही रूपक पुरे पडत नाही. म्युटंटला लोक भितात, कारण त्याच्या डोळ्यांतून खरोखरच आग निघते. त्या द्वेषाला भीतीचे का होईना, कारण आहे. अस्पृश्याच्या स्पर्शात कोणती आग होती? ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्या सावलीला भिण्याची किमया फक्त आपल्या धर्माला साधली. द्वेषाला कारण देणारे रूपक नकळत द्वेष करणाऱ्याची वकिली करते.

याच खेळात आपल्या ओळखीचा एक शब्द भेटतो: कर्म. नायकाने चांगले काम केले, दिलेला शब्द पाळला, की त्याच्या खात्यात कर्म जमा होते. अडचणीच्या वेळी ते खर्चून फाशाचे दान वाढवता येते. आणि नायकाने कोणाचा जीव घेतला तर साठलेले सारे कर्म नाहीसे होते. आमच्या पूर्वजांना सांगितलेले कर्म गेल्या जन्मीचे होते, आणि त्याचा हिशोब पाहायला मिळत नसे. या खेळातले कर्म याच जन्मीचे, स्वतःच्या कृतीचे, स्वतःच्या डोळ्यांदेखत जमा होणारे. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने आजची दैन्यावस्था ठरते हा सिद्धांत नाकारला. अमेरिकन खेळकऱ्यांनी तो ग्रंथ वाचून हा नियम केला असे कोणी म्हणणार नाही. पण मनुष्याला त्याच्या कृतीचा मालक मानले की कर्म या शब्दाला कोणता अर्थ उरतो, ते येथे आयतेच दिसते.

पात्राच्या नियमांहून अधिक खोल घोटाळा आहे तो जगाच्या मांडणीत. 'चॅम्पियन्स'च्या अलीकडच्या आवृत्त्यांत नायकांचे शहर आहे 'मिलेनियम सिटी'. त्याची कथा अशी: १९९२ साली डॉक्टर डिस्ट्रॉयर नावाच्या खलनायकाने डेट्रॉइट उद्ध्वस्त केले, आणि त्या राखेवर हे झगझगीत, भविष्यातले वाटावे असे नवे शहर उभे राहिले. आता खरे डेट्रॉइट पाहा. १९९० च्या जनगणनेत तेथील तीन-चतुर्थांश लोक कृष्णवर्णीय होते. मोटारींचे कारखाने आटले, गोरे लोक उपनगरांत निघून गेले आणि कर त्यांच्याबरोबर गेला. १९६७ च्या उठावात ४३ माणसे मेली. २०१३ मध्ये शहराने दिवाळे जाहीर केले. या शहराला कोणा डॉक्टर डिस्ट्रॉयरने मारले नाही. हजारो सभ्य माणसांनी, बँकांनी, कायद्याच्या चौकटीत राहून ते हळूहळू मारले. खेळाची मांडणी काय करते? त्या हजारोंच्या जागी एक मुखवटा उभा करते आणि कृष्णवर्णीयांचे शहर एका घावात पुसून त्यावर चकचकीत इमारत बांधते. मुखवट्याला ठोसा मारता येतो. घरभाड्याला, कर्जाच्या नकाराला, उपनगराच्या कुंपणाला ठोसा कसा मारणार?

हा प्रश्न डेट्रॉइटचाच नाही. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. त्या दिवशी एखादा सुपरहिरो तेथे उतरला असता तर त्याने कोणाला धरले असते? पलिता धरणाऱ्याला? की पाणवठ्यावर बंदी घालणाऱ्याला, मजुरी तोडणाऱ्याला, आणि घराचे दार लावून गप्प बसलेल्या गावाला? जातीला चेहरा नसतो. ती सवयीत राहते. म्हणून खलनायकाच्या जगात ती दिसतच नाही. जे दिसत नाही ते आहे तसेच ठेवणे हे मग नायकाचे काम होऊन बसते. पर्वत उचलणारा हा नायक गावाची वेस एक बोटभरही सरकवत नाही.

आणि या जगात सामान्य माणूस कोठे असतो? 'अवलंबून असलेला' म्हणून तो नायकाच्या उणिवांच्या यादीत असतो. तो नायकाचे ओझे, आणि त्याला वाचवल्याचे श्रेय नायकाचे. तो स्वतः कधी खेळी करीत नाही. व्यक्तिपूजेचा हा धोका बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात सांगितला आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत पुन्हा सांगितला. राजकारणात भक्ती शिरली की लोक आपले हातपाय नायकाच्या स्वाधीन करतात. बाबासाहेबांचीच मूर्ती करून हात जोडणाऱ्यांनीही हे विसरू नये.

महाडचे तळे आठवा. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला होता, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर नियम बदललेला होता. पाणी मात्र तेथेच, आणि तहानही तेथेच. २० मार्च १९२७ ला ते पाणी ओंजळीत आले ते कोणा एकाच्या अद्भुत बळाने नव्हे. शून्य गुणांची मानली गेलेली हजारो माणसे एका ओळीत चालत गेली. या शक्तीची किंमत कोणत्या नियमावलीत आहे? एकट्याला ती विकत घेता येत नाही, आणि सगळे मिळून घेतली तर तिला गुणच लागत नाहीत.

१९६६ च्या जुलैमध्ये मार्व्हलच्या चित्रकथेत 'ब्लॅक पँथर' अवतरला: एका श्रीमंत आफ्रिकी राज्याचा राजा, वारशाने पँथर झालेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये 'ब्लॅक पँथर पार्टी' स्थापन झाली: रस्त्यावरच्या पोरांची संघटना. १९७२ मध्ये मुंबईच्या आमच्या तरुणांनी नाव घेतले ते राजाचे नव्हे, संघटनेचे. दलित पँथरचे पुढे जे झाले ते झाले. पण ती निवड अचूक होती.

म्हणून आपल्या मुलांनी हे खेळ खेळू नयेत, असे म्हणण्याचा दुबळेपणा आपण करू नये. त्यांनी जरूर खेळावेत, आणि नियमावली हातात आली की आधी ती वाचावी. नियम माणसाने लिहिलेला असतो आणि माणसाला तो खोडता येतो, हे या खेळाइतके सहज दुसरे काही शिकवत नाही. पुढच्या आवृत्तीत नियम बदललेला असतो आणि कोणाचा धर्म बुडत नाही. मग एखाद्या मुलीने सूत्रधाराच्या खुर्चीत बसावे आणि असे जग मांडावे, की ज्यात खलनायकाला मुखवटा नाही, कलंक उतरवता येत नाही, आणि नायकाला पुढची खेळी करायची तर वस्तीला विचारावे लागते. तो खेळ जिंकायला जास्त वेळ लागेल. आपल्याला तशी सवय आहे.